महाराष्ट्राचे सुरुवातीचे राज्यपाल: पहिला नक्की कोण आणि ही माणसं होती तरी कोण?

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागेल. बीएच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट आहे, विषय मिळालाय "महाराष्ट्राचे सुरुवातीचे राज्यपाल". एका गाइडमध्ये पहिले राज्यपाल राजा महाराजसिंह दिलेत, दुसऱ्यात श्रीप्रकाश, तारखांचा मेळ बसत नाही, आणि वर शंका अशी की ही सगळी रिटायर्ड माणसं, सह्या करणं आणि फिती कापणं यापलीकडे यांनी काही केलंय का, की ज्यावर वीस पानं भरतील?

मी पुण्यात एकवीस वर्षं स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यशास्त्र आणि आधुनिक महाराष्ट्र शिकवतोय, त्यामुळे ही यादी माझ्याकडून शेकड्यानं वेळा फळ्यावर लिहून झालीय आणि खरं सांगायचं तर पहिली सात-आठ वर्षं मी पण ती पाढ्यासारखीच घोकून घ्यायचो. तुमची अडचण तारखांची नाहीये. अडचण अशी की तुम्ही यादी वाचताय, माणसं वाचत नाही आहात. पण आधी तारखांचं मिटवू, कारण व्हायव्हाला तेच विचारणार.

"पहिला कोण" हे तुम्ही कुठलं राज्य धरताय त्यावर आहे. स्वतंत्र भारतातला मुंबईचा पहिला भारतीय राज्यपाल म्हणाल तर राजा महाराजसिंह, ६ जानेवारी १९४८ पासून. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ नंतर सुद्धा जवळजवळ पाच महिने मुंबईत इंग्रज गव्हर्नरच होता, जॉन कोलव्हिल, हे मुलांना सांगितलं की पटत नाही. मग १९५० ला घटना आली आणि प्रांताचं राज्य झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ जोडून मराठी-गुजराती असं द्विभाषिक झालं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. महाराष्ट्र राज्याचे पहिले राज्यपाल श्रीप्रकाश. ते १० डिसेंबर १९५६ पासून मुंबईचे राज्यपाल होतेच, ३० एप्रिल १९६० च्या रात्री राज्य बदललं पण माणूस तोच आणि मलबार हिलचं घर, म्हणजे राजभवनही तेच. नवा राज्यपाल गुजरातला मिळाला, हैदराबादचे मेहदी नवाज जंग. त्यामुळे तुमची दोन्ही गाइडं बरोबर आहेत, फक्त कुठल्या राज्याबद्दल बोलतोय ते एकानंही लिहिलेलं नाही.

तारखा न जुळण्याचं दुसरं कारण म्हणजे मधली भोकं. एक राज्यपाल गेला आणि दुसरा यायला महिना-दोन महिने लागले तर घटनेच्या कलम १६० खाली राष्ट्रपती हंगामी व्यवस्था करतात, बऱ्याचदा हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांकडे चार्ज जातो. काही याद्या हंगामी माणसं धरतात, काही गाळतात. माझ्या स्वतःच्या छापील नोट्समध्ये चार वर्षं चूक होती, मी लिहिलं होतं की कन्नमवारांना शपथ विजयालक्ष्मी पंडित यांनी दिली. एका पोरीनं मागच्या बाकावरून हात वर करून विचारलं, सर कन्नमवार मुख्यमंत्री झाले २० नोव्हेंबर १९६२ ला आणि पंडितबाई आल्या २८ नोव्हेंबरला, मग आठ दिवस आधी शपथ कशी दिली? मी गप्प. त्या दिवसापासून मी राज्यपालांच्या तारखांशेजारी मुख्यमंत्र्यांच्या तारखा मांडल्याशिवाय काही लिहित नाही, तुम्हीही दोन रकाने आखाच.

याच भोकातली सगळ्यात भारी गोष्ट १९५६ ची. द्विभाषिक मुंबई राज्य जन्माला आलं, यशवंतराव चव्हाण पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले, एवढा मोठा दिवस, आणि राजभवनात कायमचा राज्यपालच नाही. १४ ऑक्टोबर ते १० डिसेंबर मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला काम बघत होते. का? तर आधीचे राज्यपाल दोन आठवड्यांपूर्वीच राजीनामा देऊन आपल्या गावाकडचं राजकारण करायला निघून गेले होते. ते म्हणजे हरेकृष्ण महताब, त्यांच्याकडे येतोच.

आता माणसं. मी वर्गात एक सोपी गोष्ट करायला सांगतो. राज्यपाल आला कुठून हे सगळेच लिहितात, तो गेला कसा ते बघा. महाराजसिंहांपासून अली यावर जंगांपर्यंत कायमचे राज्यपाल आठ. त्यातले चार पदावर असतानाच वारले: गिरिजाशंकर बाजपेयी १९५४, सुब्बरायन १९६२, चेरियन १९६९, अली यावर जंग १९७६. दोघं पद सोडून परत निवडणुकीच्या राजकारणात उतरले, महताब आणि पंडित. उरले दोन, महाराजसिंह आणि श्रीप्रकाश, जे सरळ मुदत संपवून घरी गेले. म्हणजे दिल्ली हे पद कुणाला देत होती ते बाहेर पडण्याच्या दारावरच कळतं. मोठी कारकीर्द करून दमलेल्या माणसाचा शेवटचा मुक्काम, नाहीतर राजकारणात जरा बाजूला ठेवायच्या माणसाचं वेटिंग रूम. तुमची रिटायर्डवाली शंका निम्मी खरी आहे ती अशी. पण त्यांची आयुष्यं बघितलीत तर वीस काय चाळीस पानं होतील.

महाराजसिंह कपूरथळ्याच्या राजघराण्यातले, राजा हरनामसिंहांचे चिरंजीव, धर्मानं ख्रिश्चन, हॅरो आणि ऑक्सफर्डला शिकलेले. केंद्रातल्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे हे सख्खे भाऊ. मुंबईत येऊन तीन-साडेतीन आठवडे होतात न होतात तोच गांधीहत्या झाली आणि पुणे, सातारा, कोल्हापूरकडे जाळपोळ सुरू झाली, सुरुवात अशी. त्यांच्याच काळात गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला पुणे विद्यापीठाला मिळाला, विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ चं, आज आपण ज्याला मेन बिल्डिंग म्हणतो ना तीच ती इमारत, पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर तिथं येऊन राहायचा. मोरारजींची दारूबंदीही याच काळातली. पण महाराजसिंह लोकांना आठवतात ते क्रिकेटमुळे. नोव्हेंबर १९५० मध्ये ब्रेबर्नवर कॉमनवेल्थ संघाविरुद्ध गव्हर्नर्स इलेव्हनची फर्स्ट क्लास मॅच होती आणि कॅप्टन म्हणून हे साहेब स्वतः उतरले, वय ७२. पहिलीच फर्स्ट क्लास मॅच, समोर जिम लेकर, चार रन केले आणि आउट. फर्स्ट क्लास क्रिकेट खेळलेला सगळ्यात वयस्कर माणूस म्हणून तो विक्रम अजून त्यांच्याच नावावर आहे. मी हे सांगितलं की वर्गात झोपलेली मुलं पण जागी होतात, आणि मग त्यांना १९४८ ते १९५२ आपोआप लक्षात राहतं.

त्यांच्यानंतर बाजपेयी, मे १९५२. हे आयसीएस (इंग्रजांच्या काळातली वरची सनदी सेवा), व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसलेले, १९४१ पासून वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचे एजंट जनरल, म्हणजे तिथले सरकारी प्रतिनिधी. आता गंमत बघा. १९४४-४५ मध्ये विजयालक्ष्मी पंडित अमेरिकेत गावोगाव भाषणं देत फिरत होत्या, की सरकारी प्रतिनिधी हिंदुस्थानचे खरे प्रतिनिधी नाहीत म्हणून, आणि त्याच वेळी सरकारी खुर्चीत बाजपेयी बसलेले. स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी याच बाजपेयींना परराष्ट्र खात्याचं पहिलं सेक्रेटरी जनरल केलं, कारण काम येणारी माणसं हाताशी हवी होती, आणि पंडितबाई मॉस्को, वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेल्या. पुढे हे दोघंही दहा वर्षांच्या अंतरानं मलबार हिलच्या एकाच बंगल्यात राहायला आले. प्रोजेक्टमध्ये एवढा एकच धागा नीट मांडलात तरी बाहेरून आलेले परीक्षक खूश होतील. बाजपेयी ५ डिसेंबर १९५४ ला वारले, मग काही महिने मंगलदास पक्वासांनी काम बघितलं.

आता महताब, आणि इथं मी जास्त वेळ घेणार, कारण माझ्या मते या सगळ्या यादीतला सगळ्यात अवघड मुक्काम यांचाच. ओडिशाचे, १९४६ ते १९५० तिथले पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असंच म्हणत), तिथली संस्थानं विलीन करण्यात मोठा वाटा, मग केंद्रात व्यापार-उद्योग मंत्री. पण महाराष्ट्र त्यांना आधीच माहीत होता, राजभवनामुळे नव्हे तर तुरुंगामुळे. १९४२ ला काँग्रेस वर्किंग कमिटीच्या ज्या बारा जणांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं त्यात नेहरू, पटेल, आझाद यांच्याबरोबर महताब होते, आणि त्यातच शंकरराव देव पण होते. त्या किल्ल्यात बसून महताबांनी ओडिशाच्या इतिहासावर लिखाण केलं.

मार्च १९५५ ला ते मुंबईचे राज्यपाल झाले. ऑक्टोबरमध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल बाहेर आला आणि पेटलंच. २१ नोव्हेंबरला फोर्टात गोळीबार, जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायची घोषणा झाल्यावर आठवडाभर गोळीबार, फ्लोरा फाउंटनला हुतात्मा चौक आज आहे तो त्याचाच. संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे नेते कोण? शंकरराव देव. म्हणजे किल्ल्यात जवळपास तीन वर्षं एकाच अंगणात फेऱ्या मारलेले दोघं, आता एक राजभवनात आणि एक रस्त्यावर. आदेश अर्थात मुख्यमंत्री मोरारजी देसाईंच्या सरकारचे, राज्यपालाच्या सहीनं गोळ्या सुटत नाहीत, पण सरकार चालतं ते त्याच्या नावानं. तुमच्या "यांनी काय केलं" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर इथं असं आहे की घटनेनं त्यांना फारसं काही करू दिलेलं नव्हतं, निवडून आलेलं बहुमतातलं मंत्रिमंडळ असताना राज्यपाल सल्ल्यानंच चालणार. ऑक्टोबर १९५६ मध्ये महताब राजीनामा देऊन गेले आणि त्याच महिन्यात ओडिशाचे मुख्यमंत्री झाले. पुढे आणीबाणीत परत तुरुंगात गेले, या वेळी इंदिराबाईंच्या. इंग्रजांच्या आणि आपल्या अशा दोन्ही सरकारांचा पाहुणचार घेतलेला हा राज्यपाल.

श्रीप्रकाश बनारसचे, वडील डॉ. भगवानदास यांना १९५५ ला भारतरत्न मिळालेलं. फाळणी झाली त्या ऑगस्टमध्ये नेहरूंनी यांना कराचीला पाकिस्तानातले पहिले भारतीय हायकमिशनर म्हणून पाठवलं, यापेक्षा वाईट पोस्टिंग त्या वर्षी कुणाला मिळालं नसेल. मग आसामचे राज्यपाल, केंद्रात मंत्री, १९५२ ला मद्रासचे राज्यपाल. मद्रासचं प्रकरण नीट वाचा, कारण राज्यपाल काय करू शकतो याचं स्वतंत्र भारतातलं पहिलं मोठं उदाहरण तिथलं. ३७५ च्या सभागृहात काँग्रेसला १५२ जागा, बहुमत नाही, समोर कम्युनिस्ट आणि इतरांची आघाडी तयार. श्रीप्रकाशांनी राजाजींना (चक्रवर्ती राजगोपालाचारी) बोलावलं, जे निवडणुकीला उभेच नव्हते, त्यांना विधान परिषदेवर नेमलं आणि मुख्यमंत्री केलं. कोर्टात आव्हान दिलं गेलं ते टिकलं नाही, पण वाद आजही संपलेला नाही, २०१९ नंतर महाराष्ट्रात राजभवनावरून जे काही चाललं तेव्हा मी वर्गात मद्रास १९५२ च काढून ठेवलं होतं. त्यामुळे "सह्या करण्यापलीकडे काही केलं का" याचं उत्तर परिस्थितीवर आहे: बहुमत स्वच्छ असेल तर राज्यपाल दिसत नाही, त्रिशंकू झालं की तो एकटाच दिसतो. हाच माणूस मुंबईत सव्वापाच वर्षं होता आणि इथं असं काहीच करावं लागलं नाही, कारण समोर यशवंतराव होते आणि आकडे होते. आमच्या पुण्याच्या हिशोबानं सांगायचं तर पानशेत फुटलं तेव्हा राज्यपाल हेच. १६ एप्रिल १९६२ ला त्यांनी पद सोडलं.

पी. सुब्बरायन यांच्यावर गाइडं एक ओळ लिहितात, "अल्प कार्यकाळ", कारण सहा महिनेही झाले नाहीत, एप्रिल ते ऑक्टोबर १९६२, पदावरच वारले. पण घर बघा! स्वतः कुमारमंगलमचे जमीनदार, १९२६ ते १९३० मद्रास इलाख्याचे मुख्यमंत्री, १९३८ ते ४६ बीसीसीआयचे अध्यक्ष, नंतर नेहरूंच्या मंत्रिमंडळात वाहतूक आणि दळणवळण. एक मुलगा पुढे लष्करप्रमुख, जनरल कुमारमंगलम. दुसरा मोहन, आधी कम्युनिस्ट, पुढे इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळात. मुलगी पार्वती कृष्णन कम्युनिस्ट खासदार. जमीनदाराच्या जेवणाच्या टेबलावर काय वाद होत असतील नुसता विचार करा. इथं तुम्हाला कामकाजापेक्षा आयुष्यच लिहावं लागेल, आणि त्यात काही चूक नाही.

विजयालक्ष्मी पंडित २८ नोव्हेंबर १९६२ ला आल्या, चीनची लढाई थांबून जेमतेम आठवडा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष (१९५३), सात वर्षं लंडनला हायकमिशनर. नेहरूंची बहीण हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या आपल्याकडच्या सून होत्या हे विसरतात. त्यांचे पती रणजित सीताराम पंडित, घराणं मूळ कोकणातलं, नंतर राजकोटला गेलेलं, राजतरंगिणीचं इंग्रजी भाषांतर त्यांनीच केलं, १९४४ ला वारले. त्यांच्या काळात मुख्यमंत्री कन्नमवार पदावर असतानाच गेले, २४ नोव्हेंबर १९६३, मग दहा दिवस पी. के. सावंत आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक, म्हणजे अकरा बारा दिवसांत दोन शपथविधी. मे १९६४ ला नेहरू गेले, फुलपूरची जागा मोकळी झाली, बाईंनी ऑक्टोबरमध्ये राज्यपालपद सोडलं आणि भावाच्या जागेवरून लोकसभेत गेल्या. एक सापळा सांगून ठेवतो, त्या महाराष्ट्राच्या पहिल्या महिला राज्यपाल, देशातल्या नाही, देशातल्या पहिल्या सरोजिनी नायडू, उत्तर प्रदेशात, १९४७.

मुलं नेहमी विचारतात की सर, यात एकही मराठी माणूस कसा नाही. कारण संकेतच असा की राज्यपाल बाहेरचा हवा, स्थानिक गटातटात नसलेला. आपली माणसं तेव्हा दुसरीकडे होती, बापूजी अणे बिहारला, काकासाहेब गाडगीळ पंजाबला, हरिभाऊ पाटसकर मध्य प्रदेशला. जागा असेल तर त्या तिघांचा एक परिच्छेद टाका, तुमच्या वर्गात दुसऱ्या कुणाच्या प्रोजेक्टमध्ये तो नसेल.

शेवटचे दोघं "सुरुवातीचे" मध्ये धरायचे का ते तुमच्या गाइड सरांना विचारा, मी धरतो. डॉ. पी. व्ही. चेरियन मद्रासचे कान-नाक-घशाचे सर्जन आणि तिथले माजी महापौर, त्यांच्या पत्नी तारा चेरियन मद्रासच्या पहिल्या महिला महापौर. नोव्हेंबर १९६४ ला आले आणि दोन-तीन आठवड्यांतच पोप पॉल सहावे मुंबईत. शिवसेनेची स्थापना, कोयनेचा भूकंप, सगळं यांच्या काळात, पण मुख्यमंत्री वसंतराव नाईक पक्के बसलेले त्यामुळे राजभवन शांत. अली यावर जंग हैदराबादचे, उस्मानिया आणि अलीगढ दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू राहिलेले, अलीगढला १९६५ मध्ये विद्यार्थ्यांच्या दंगलीत जबर मारही खाल्ला, मग वॉशिंग्टनला राजदूत, आणि १९७० पासून इथं. दुष्काळ आणि आणीबाणी दोन्ही त्यांनी मुंबईतून बघितलं आणि ११ डिसेंबर १९७६ ला पदावर असतानाच गेले. बांद्र्याला कर्णबधिरांसाठीची जी राष्ट्रीय संस्था आहे ना, ती यांच्या नावानं आहे. कानाचे डॉक्टर चेरियन आणि कानाच्या संस्थेला नाव जंगांचं, त्यामुळे दर बॅचला दोन-चार पोरं पेपरात दोघांची अदलाबदल करून येतात, तुम्ही करू नका.